वाचकांचे प्रश्न: ‘पेटी कितीला?’

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दर हंगामात जुन्या ग्राहकांना मी मोबाइलवरून मराठीत एसएमएस पाठवतो. तीन पिढ्यांची बागायत, शेणखत, अस्सल चव असे सारे त्यात लिहूनही लोक फोन करून ‘पेटी कितीला?’ एवढेच विचारतात. मजकूर कमी केला, तर आपुलकी हरवेल का? (एक बागायतदार)

उत्तर : आपण सोबत पाठवलेला मजकूर मी दोनदा वाचला. त्यात पेटीचा भाव आहे, पण तो शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि तिथवर पोहोचण्याआधीच ग्राहकाने फोन उचललेला असतो. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत मात्र ७०च. शिवाय प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि मोकळी जागा वेगळी मोजली जाते, त्यामुळे ‘हापूस’ हा तीन अक्षरी शब्द तिथे पाच चिन्हांचा होतो. मजकूर ७०च्या पुढे गेला की ६७-६७ चिन्हांचे तुकडे पडतात, म्हणजे आपला सुमारे ३०० चिन्हांचा मजकूर पाच संदेशांच्या हिशेबात जातो.

मी तो असा लिहीन : ‘देवगड हापूस. आढीत पिकवलेला. ५ डझनांची पेटी ३००० रु., घरपोच.’ ही ५९ चिन्हे झाली. पुढे एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक घातला की बरोबर ७० भरतात. क्रमांक अवश्य घालावा, कारण संदेश शेजाऱ्याला पुढे पाठवला की पाठवणाऱ्याचे नाव बदलते.

‘अस्सल’ आणि ‘दर्जेदार’ हे शब्द मी काढले, कारण कुठलाही आंबा विकणारा ते लिहू शकतो. ‘आढीत पिकवलेला’, म्हणजे गवत-पेंढ्याच्या थरांत नैसर्गिकरीत्या पिकवलेला, हे ठेवले, कारण ते सर्वांना खरेपणाने लिहिता येत नाही आणि ग्राहकाला तेच हवे असते. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच प्रदेशातल्या मालाला लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले आहे. आपण त्याचे नोंदणीकृत उत्पादक असाल, तर तसा उल्लेख पेटीवर छापावा, तो विशेषणांपेक्षा अधिक बोलेल.

आपुलकीची आपली काळजी मला मनापासून पटते, परंतु भाव विचारण्यासाठी ग्राहकाला ताटकळत ठेवण्यात आपुलकी नाही. ती पेटीतल्या चिठ्ठीत येऊ द्या. तिथे काटकसर मुळीच नको : आंबे पेटीतून काढून पसरून ठेवावेत, पुरते पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नयेत, खाण्याआधी थोडा वेळ पाण्यात घालावेत, हे सविस्तर लिहा, आणि त्याखाली, ही कलमे आजोबांनी कोणत्या साली लावली, तेही सांगा. आंबा हातात असताना ते कुणीही आवडीने वाचेल.