सबवूफर मधेच झोपतो, बेस पोकळ वाटतो, वायरलेस तुटतं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रात्री आवाज कमी ठेवून सिनेमा बघत असलो की माझा पॉवर्ड सबवूफर, म्हणजे स्वतःचा अॅम्प असलेला बेसचा स्पीकर, मधेच बंद पडतो, लाईट हिरव्याचा लाल होतो, आणि पुढे कुठे धमाका झाला की आपोआप परत चालू. दिवसा मोठ्याने लावला तर काहीच त्रास नाही. आतला अॅम्प गेलाय का?

उत्तर : नाही हो, अॅम्प ठणठणीत आहे, दुकानात उचलून नेऊ नका. ऑटो मोडमध्ये सब फक्त एवढंच बघत असतो की केबलमधून सिग्नल येतोय का, आणि तो एका ठराविक पातळीच्या खाली बराच वेळ राहिला, बऱ्याच मॉडेलमध्ये १५-२० मिनिटं, की काही वाजत नाहीये असं धरून झोपून जातो. रात्री आवाज कमी, त्यात नुसते बोलण्याचे सीन, मग रिसिव्हरकडून (आवाज सगळ्या स्पीकरना आणि सबला वाटणारा डबा) येणारा बेस इतका बारीक असतो की सबच्या लेखी ती शांतताच.

पण याचं खरं मूळ बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतं. सबच्या मागचा गेनचा, म्हणजे सबचा आवाज कमी-जास्त करायचा, नॉब बराच वर असतो, मग माइक लावून ऑटो सेटअप चालवला की रिसिव्हरला वाटतं हा फारच जोरात वाजतोय आणि तो सबची लेव्हल पार -१०, -१२ डीबीपर्यंत (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) खाली ओढतो. कानाला बेस बरोबर लागतो म्हणून कोणी तिकडे बघतच नाही, पण केबलमधला सिग्नल अर्धमेला झालेला असतो. रिसिव्हरच्या मेन्यूत स्पीकर लेव्हलमध्ये जाऊन सबचा आकडा एकदा बघाच. तो एवढा खाली असेल तर मागचा गेन कमी करा, सेटअप परत चालवा, आकडा -५ ते ० च्या दरम्यान आला की झालं. १० डीबी वाढले म्हणजे केबलमधलं व्होल्टेज तिपटीहून जास्त होतं, आणि सबचा गेन तेवढाच उतरवल्यामुळे खोलीतला आवाज आधी होता तेवढाच राहतो, फक्त सब जागा राहतो. आकडा प्लसमध्ये फार वर मात्र नेऊ नका, मोठ्या आवाजात रिसिव्हरचं आउटपुटच फाटायला लागतं.

सबला लेफ्ट-राइट असे दोन इनपुट असतील तर वाय केबल, म्हणजे एका टोकाची दोन होणारी, लावून दोन्हीत सिग्नल द्या, बऱ्याच सबमध्ये त्याने ६ डीबीपर्यंत वाढ मिळते. तरीही झोपत असेल तर सरळ स्विच ऑटोवरून ऑनवर टाका, वीज थोडी जास्त जाईल पण सब बिघडत नाही. रिसिव्हर आणि सब दोन्हीकडे १२ व्होल्ट ट्रिगर, म्हणजे एकाने दुसऱ्याला चालू-बंद करायची वेगळी जोडणी, असेल तर मी तोच लावायला सांगेन, रिसिव्हर चालू तर सब चालू, सिग्नल किती बारीक आहे याचा संबंधच उरत नाही.

प्रश्न : रिसिव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवलाय आणि सबच्या मागचा नॉबही ८० ला. तरी बेस पोकळ वाटतो, ढोलाचा ठोका अंगावर येतच नाही.

उत्तर : एकच काम तुम्ही दोन ठिकाणी करताय. रिसिव्हर ८० च्या वरचं आधीच कापून पाठवतो, त्यावर सब परत कापतो, म्हणजे नेमका जिथे सब आणि स्पीकर एकमेकांना भेटायला हवेत तिथेच खड्डा पडतो, शिवाय सिनेमाचा जो वेगळा एलएफई, म्हणजे धमाक्यांसारख्या खास बेसचा, ट्रॅक असतो त्यात १२० हर्ट्झपर्यंतचा माल असतो, तोही वरून छाटला जातो. सबचा नॉब एकदम टोकाला फिरवा, किंवा एलएफई नावाचं इनपुट असेल तर केबल त्यात टाका, तिथे बहुतेक सबमध्ये तो फिल्टर बाजूला पडतो. रिसिव्हरमध्ये 'एलएफईचा लो पास' अशी वेगळी सेटिंग असेल तर ती १२० ला असू द्या. आणि रिसिव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' वर, म्हणजे त्यांचा खालचा बेस सबकडे जाईल असे, आहेत ना बघा, मोठे असले तरी.

एवढं करूनही खड्डा राहिला तर फेज बघा, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्या लाटा एकाच वेळी वर-खाली होतात का. ८० हर्ट्झची लाट साधारण ४.३ मीटर लांब असते, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्या अंतरात सव्वादोन मीटरच्या आसपास फरक पडला की दोघं एकमेकांचा आवाज खाऊ शकतात. ८० हर्ट्झचा टोन लावा, तुम्ही नेहमी बसता तिथेच बसा, आणि दुसऱ्या कोणाला तरी फेजचा स्विच ० वरून १८० वर करायला सांगा, जिकडे जास्त भरीव वाटेल ते ठेवा. सबजवळ उभं राहून हे अजिबात कळत नाही.

साध्या स्टिरिओ अॅम्पला सब जोडलाय, ज्यात क्रॉसओव्हरच नाही, त्यांनी मात्र नॉब टोकाला फिरवायचा वरचा सल्ला ऐकू नये. तिथे सबवरचा नॉबच कामाचा, स्पीकर जिथे खाली दमतात तिथपासून सुरुवात करून कानाने जुळवायचा.

प्रश्न : वायरलेस सब अधूनमधून एक-दोन सेकंद गप्प होतो. पेअरिंग परत केलं तरी तेच.

उत्तर : पेअरिंगचा लाईट स्थिर असेल तर पेअरिंग सोडा, आजूबाजूला बघा. सबला वायरलेस सिग्नल पाठवणारा ट्रान्समिटर २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात, आणि फारसं कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे यूएसबी ३ ची हार्डडिस्क, तिची केबलसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते. टीव्हीच्या मागे डिस्क आणि तिला चिकटून ट्रान्समिटर असं असेल तर आधी ती काढून बघा. मग ट्रान्समिटर राउटरपासून दोन-तीन फूट लांब आणि धातूच्या कपाटाबाहेर, आणि राउटरचा २.४ चा चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६, ११ पैकी एक ठरवून द्या.

आवाज तुटायचा थांबला की ऑटो सेटअप परत चालवा. वायरलेसमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, आणि उशिराचा प्रत्येक मिलिसेकंद रिसिव्हर साधारण ३४ सेंटिमीटर अंतर धरतो, त्यामुळे तो सबचं अंतर खऱ्यापेक्षा बरंच जास्त दाखवेल. सब ३ मीटरवर आणि मेन्यूत ८ मीटर दिसलं तरी तो आकडा तसाच ठेवा, टेपने मोजून दुरुस्त करू नका.