‘दारोगा’मधला ‘दार’ फारसी आहे का?

किल्लेदार, सुभेदार, ठाणेदार या शब्दांत ‘बाळगणारा’ या अर्थाचा जो फारसी ‘दार’ आहे, तोच ‘दारोगा’च्या आरंभी आला आहे का, असा प्रश्न विचारला गेला आहे. दोन्ही प्रकारचे शब्द अधिकाऱ्यांचेच असल्यामुळे शंका स्वाभाविक आहे; पण उत्तर नकारार्थी आहे. फारसी ‘दार’ नामाच्या शेवटी लागतो, आणि तो इथे आरंभी मानला तर उरलेल्या ‘ओगा’ची काहीच संगती लागत नाही. शब्द आपल्याकडे फारसीतून आला हे खरे, पण फारसीत तो मंगोलांच्या राजवटीमुळे रुजला.

मंगोल भाषेत ‘दारु-’ हा ‘दाबणे’ या अर्थाचा धातू असून त्यावरून ‘दारुगा’ व ‘दारुगाची’ ही पदनामे झाली. ख्वारिज्मचे राज्य मोडल्यावर चंगीझखानाने बुखारा, समरकंद अशा शहरांवर हे अधिकारी नेमले. जिंकलेल्या प्रदेशातील स्थानिक राजाला किंवा कारभाऱ्याला पुष्कळदा जागेवर ठेवून त्याच्यावर दारुगाची बसवायचा, आणि खानेसुमारी, करवसुली, सैन्यभरती व डाकेची ठाणी यांवर त्याची नजर ठेवायची, अशी ही व्यवस्था होती. 1231 च्या स्वारीनंतर कोरियातही तिचाच अवलंब झाला. चीनमध्ये कुबलाईखानाने 1265 मध्ये असा हुकूम काढला की प्रत्येक प्रांतविभागात दारुगाची मंगोल, मुख्य प्रशासक चिनी आणि त्याचा सहकारी मुसलमान असावा.

धातूचा अर्थ ‘दडपणे’ असा घ्यायचा की ‘शिक्का दाबणे’ असा, याबद्दल दोन्ही मते मांडली जातात. चीनमधील कचेऱ्यांत सरकारी शिक्का दारुगाचीच्या ताब्यात असे, म्हणून मला दुसरा अर्थ अधिक पटतो. आपल्याकडेही हुकमाला बळ शिक्कामोर्तबानेच येत असे. रशियात याच प्रकारच्या अधिकाऱ्याला ‘बास्काक’ म्हणत, आणि तो तुर्की शब्दही ‘दाबणे’ या अर्थाच्याच ‘बास-’ धातूपासून झाला आहे, हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. ‘दारुगाची’तला ‘-ची’ हा प्रत्यय तुर्कीतही आहे, आणि तोपची, मशालची या शब्दांतून तो मराठीला परिचित आहे.

इराण व मध्य आशियात तैमूरच्या वंशजांच्या काळी दारोगा हा शहराचा अंमलदार होता. मोगल दरबारात मात्र शब्दाची व्याप्ती बदलली आणि तोफखाना, डाकचौकी अशा एकेका खात्याच्या प्रमुखाला तो लागू लागला; मराठीतला ‘देखरेख करणारा मुख्य’ हा जुना अर्थ याच वापराशी जुळतो. पोलीस ठाण्याचा दारोगा त्यानंतरचा आहे: कॉर्नवॉलिसने 1792-93 मध्ये बंगालमध्ये ठाण्यांवर दारोगे नेमले, आणि उत्तर भारतात तो अर्थ आजही चालतो.

लेखनात ‘दारोगा’ आणि ‘दरोगा’ ही दोन्ही रूपे आढळतात. व्युत्पत्ती देताना केवळ ‘फारसी’ असे न लिहिता ‘मूळ मंगोल, फारसीमार्गे’ असे लिहावे.