गिरणीचा भोंगा आणि ‘देश’

प्रश्न : मुलाला शाळेत ‘औद्योगिकीकरणामुळे राष्ट्रवाद कसा वाढला?’ असा प्रश्न दिलाय. यंत्राचा आणि देशप्रेमाचा संबंध काय, तेच आम्हाला कळेना. – एक पालक, देवगड

उत्तर : माझी पणजी तुमच्या देवगडचीच. तिच्या तोंडी ‘देश’ म्हणजे घाटापलीकडचा मुलूख. तिथले ते घाटी, आपण त्यात नाही! माझे आजोबा आगबोटीने मुंबईला गेले आणि लालबागच्या गिरणीत लागले. झोपायला गाववाल्यांचीच खोली, पण शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, साताऱ्याचा घाटी. दोघांना भोंगा एक, मुकादमाच्या शिव्याही त्याच.

त्यात १८९६ साली सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. कशासाठी? तर मँचेस्टरच्या मालाला झळ लागू नये म्हणून. शेठ आणि कामगार यांचं एरवी कधी पटलं नाही, पण आपला माल आणि परका माल हा भेद आता दोघांनाही दिसू लागला. १९०५ च्या स्वदेशीला ही जमीन आयती मिळाली. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. वर्षाला एक दिवस, असा हिशेब आजोबा सांगत. टिळक रत्नागिरीचे, म्हणून कोकणी माणूस उतरला म्हणावं, तर साताऱ्याचेही उतरलेच की.

युरोपात वाट जरा वेगळी. १८३४ मध्ये प्रशियाच्या पुढाकाराने जर्मन संस्थानांनी जकात संघ काढला. आपसातली नाकी उठली, रेल्वे आली, बाजार एक झाला. राज्य एक व्हायला १८७१ उजाडलं.

पण सगळे एक झाले, असं मुलाला सरसकट लिहू देऊ नका. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. धोटा उष्टा होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, घेत नसत, आणि पगार तर तिथेच बरा. १९२८ च्या संपात ही बंदी उठवा, हे डॉ. आंबेडकरांनी लावून धरलं.

आजोबा साचेखात्यातले. ओठांचा चंबू करून सूत कसं ओढायचं, ते आम्हा पोरांना हौसेने करून दाखवत. त्या खात्यात कोणाला येऊ देत नसत, हे मात्र त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही.