वाचकांचे प्रश्न : माहीत असते, तरी चिठ्ठीवर का उतरत नाही?

प्रश्न : वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझा बालरुग्णांचा दवाखाना आहे. साध्या पातळ जुलाबांत ओआरएस (मीठ-साखरेची जलसंजीवनी) आणि झिंक (जस्त) पुरेसे असते, हे ठाऊक असूनही आम्हा सहकाऱ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) येतातच. हे कसे बदलावे?

उत्तर : आपली अडचण अज्ञानाची नसून सवयीची आहे, म्हणून आणखी एका व्याख्यानाने फारसे साधणार नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्येच झिंकची मात्रा सांगितली : १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळांना १० मिलिग्रॅम. ती चिठ्ठीवर आधीच छापून घ्यावी, म्हणजे गर्दीच्या वेळी आठवणीवर विसंबावे लागणार नाही. त्यानंतर प्रत्येकाने जुलाबाच्या शेवटच्या ५० चिठ्ठ्या काढून, शौचात रक्त असलेली किंवा पटकीचा (कॉलराचा) संशय असलेली मुले वगळून (त्यांना प्रतिजैविके लागू शकतात), प्रतिजैविके किती जणांना दिली ते मोजावे आणि आकडे एकमेकांना दाखवावेत (पहिल्या बैठकीत थोडा संकोच होतो, तो होऊ द्यावा). अशा पडताळणीने होणारा बदल बहुधा लहानच असतो, त्यामुळे ती दर तीन महिन्यांनी करावी. मुलांच्या आयांना मात्र ओआरएस जुलाब थांबवत नाही, शरीरातील पाणी राखते, हे आधीच सांगावे. नाहीतर दुसऱ्याच दिवशी त्या ‘जोरदार’ औषध मागतात.