'क्रांतिक' म्हणजे गंभीर नव्हे

तुमच्याकडे भाषांतरासाठी आलेलं शीर्षक आहे 'क्रांतिक परिस्थितीजवळ आयनी द्रावणांचे प्रावस्था-वर्तन'. तुम्ही विचारलंय की यातला 'क्रांतिक' इंग्रजी 'क्रिटिकल'वरून बेतला आहे का, क्रांतीशी त्याचा काय संबंध, आणि सरळ 'गंभीर' का लिहू नये.

'गंभीर' नकोच. 'गंभीर परिस्थिती' म्हटलं की डोळ्यांपुढे रुग्ण येतो. इथे विषय उंबरठ्याचा आहे.

'क्रांतिक'च्या मुळाशी 'क्रम्' हा धातू आहे: पाऊल टाकणं, ओलांडणं. अतिक्रमण, संक्रमण ही त्याचीच भावंडं. सूर्य मकर राशीत पाऊल टाकतो ती मकरसंक्रांत, आणि त्याची आकाशातली वाट म्हणजे क्रांतिवृत्त. राज्य उलथवणारी क्रांती हा त्या मानाने अलीकडचा अर्थ. शाळेत शिकलेला 'क्रांतिक कोन' आठवा: तो ओलांडला की प्रकाश काचेबाहेर न पडता आतच परततो. 'क्रिटिकल' मात्र ग्रीक 'क्रिनेइन'मधून आला, म्हणजे वेगळं काढणं, निवाडा करणं. नाद जुळतो, नातं नाही.

पदार्थाच्या संदर्भात 'क्रिटिकल' हा शब्द रूढ केला तो रसायनशास्त्रज्ञ टॉमस अँड्र्यूज यांनी, १८६९ मध्ये. बंद काचनळीत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड घ्या: खाली द्रव, वर वायू, मध्ये लख्ख रेघ. सावकाश तापवत गेलं की ३१ अंश सेल्सिअसच्या सुमारास ती रेघ पुसट होते, नळीत दुधाळ झाक येते, आणि मग द्रव कुठला, वायू कुठला हे सांगताच येत नाही. हाच क्रांतिक बिंदू. ग्रीक शब्द वेगळं काढण्याचा, पण या बिंदूपलीकडे वेगळं काढायला काही उरत नाही. म्हणून इथे मला आपला 'ओलांडण्याचा' शब्द जास्त नेमका वाटतो.

शुद्ध पाण्याचा हा बिंदू ३७४ अंश आणि सुमारे २२१ बार दाबाला येतो. मीठ घातलं की तो वर सरकतो, कारण आयन, म्हणजे मीठ विरघळल्यावर सुटे होणारे विद्युतभारित कण, पाण्याचे रेणू स्वतःभोवती धरून ठेवतात आणि विरळ वाफेत सहजी जात नाहीत. समुद्राच्या पाण्यासाठी तो साधारण ४०७ अंश आणि ३०० बारच्या आसपास आहे. खोल समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांमध्ये पाणी खरोखर या सीमेपाशी पोचतं आणि खारट द्रव व कमी खारी वाफ असं दुभंगतं. जितकं मीठ, तितका बिंदू वेगळा. म्हणून तुमच्या मजकुरात क्षारता बदलती असेल तिथे 'बिंदू' न लिहिता 'क्रांतिक रेषा' लिहा.

तुम्ही 'आयन'बद्दल विचारलं नाहीत, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. फॅरडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणलेला हा शब्द ग्रीकमध्ये 'जाणारा' या अर्थाचा आहे, आणि उत्तरायणातलं आपलं 'अयन' म्हणजेही जाणं. इथे मात्र नातं खरं आहे, दोन्ही एकाच प्राचीन धातूतून आलेले.

'प्रावस्था' म्हणजे इंग्रजी 'फेज'; तो शब्द तसाच ठेवा. नुसतं 'अवस्था' लिहिलं तर एकाच द्रावणातले दोन वेगळे द्रवथर, दोन्ही द्रवच, वेगळे दाखवता येणार नाहीत.