फुटलेली अक्षरं, अडलेले फोटो: स्वतःच्या वेबसाइटविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. माझे साठेक जुने लेख कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत. साइटवर पेस्ट केले की नुसती इंग्रजी अक्षरं उमटतात. सरळ पीडीएफ करून टाकू का?

निव्वळ पीडीएफ नको. कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट, म्हणजे अक्षरांचं वळण; तो युनिकोड नाही, सगळी गोम तिथेच आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही तसंच दिसतं. त्यात 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरं: ई, जे, के, मोठा बी आणि एच. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी हे त्या पाचांवर फॉन्टने चढवलेले मुखवटे. वाचकाच्या मोबाइलवर तो फॉन्ट नसतो, मग मुखवटे गळून पडतात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, म्हणून डोळ्यांना मराठी दिसतं. आत मात्र तीच रोमन अक्षरं राहतात. त्यामुळे मराठी शब्द टाकून शोधणाऱ्याला लेख सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर काहीतरी भलतंच बोलतो.

लेख युनिकोडमध्ये बदलून घ्या. कृतिदेव ते युनिकोड कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण साठ लेख एका दमात त्यात ओतू नका. आधी मूळ फायलींची प्रत वेगळी ठेवा. मग एकच लेख बदलून मोठ्याने वाचा. पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते. रफारही आपली जागा बदलतो. म्हणून 'स्थिती', 'विद्यार्थी', 'मूर्ती' असे शब्द पहिल्यांदा तपासा. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांची अदलाबदल झाली तर डोंगरातल्या लेखात समुद्र शिरायचा, तेव्हा 'ऱ्य', 'ऱ्ह' नीट पाहा. लेखात मध्येच इंग्रजी शब्द असेल तर तो आधी काढून ठेवा, नाहीतर कन्व्हर्टर त्याचंही 'मराठी' करतो. पहिल्या दोन-तीन लेखांत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतील त्यांची यादी करा. बाकीच्या लेखांत त्या 'शोधा आणि बदला'ने एकगठ्ठा निघतात. मजकूर खरंच युनिकोड झाला का, याची साधी परीक्षा: मजकूर मोबाइलच्या नोट्समध्ये पेस्ट करा. तिथे मराठी दिसलं तर झाला.

प्रश्न: साइट मराठीच आहे, पण शीर्षकं तुटक दिसतात, वरच्या मात्रा कापल्या जातात आणि 'ल', 'श' हिंदी वळणाचे येतात. फॉन्ट बदलला तरी तेच.

दोष बहुधा थीमचा, म्हणजे साइटच्या तयार साच्याचा आहे. बहुतेक तयार थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. शीर्षकातली अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांत लेटर-स्पेसिंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतं. रोमनमध्ये ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, ते शून्य करा. मात्रा कापल्या जातात कारण लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या तुलनेत ओळीची उंची, १.१ किंवा १.२ असते. आपल्याकडे ओळीच्या वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार, दोन्हीकडे गर्दी. परिच्छेदाला १.७ आणि शीर्षकाला १.४ ठेवून पाहा. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको. दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफाय बंद ठेवा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर 'विद्यापीठाच्या'सारखा लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे मैदान उरतं.

आता 'ल' आणि 'श'. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानले. कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला कळल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. म्हणून पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये (टॅग म्हणजे ब्राउझरसाठीची खूण) लँग या गुणधर्माची किंमत 'एमआर' द्या. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर असेल तर सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की थीम बहुधा हे आपोआप करते. तरीही फरक पडला नाही तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूपंच नाहीत. अशा वेळी तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात मराठी वळणच मूळचं आहे. मात्र त्यात ठळक वजन नाही. ब्राउझर खोटा ठळकपणा देतो आणि जोडाक्षरांत शाई फुटल्यासारखी दिसते. शीर्षकासाठी मुक्ता वापरा, तिथे खरी ठळक वजनं आहेत.

प्रश्न: गडकिल्ल्यांच्या माझ्या साइटवर एका पानावर चाळीस फोटो आहेत. गावाकडे पान उघडतच नाही, असं मित्र म्हणतात.

मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा. चाळीस फोटो म्हणजे जवळपास दोनशे एमबी, ते कसं उघडेल? फोटो साइटवर लहान 'दिसतो' म्हणून तो लहान होत नाही. ब्राउझर आख्खी फाइलच ओढतो.

प्रत्येक फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि वेबपी स्वरूपात, दर्जा ७५ ठेवून साठवा. स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. फोटो साधारण दीडशे ते तीनशे केबीवर येतो. झाडी आणि गवत जास्त असेल तर थोडा जड राहतो. यादीच्या पानावर ४०० पिक्सेलच्या छोट्या प्रती लावा, मोठा फोटो टिचकी मारल्यावरच उघडू दे. प्रत्येक चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो उतरतील तसतसा मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाची ओळ हरवते. खालच्या फोटोंना लोडिंग 'लेझी' द्या, म्हणजे वाचक जवळ आला की मगच ते उतरतात. सर्वांत वरच्या फोटोला देऊ नका, तो उलट उशिरा येतो.

आणखी एक. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसचे आकडे असू शकतात. राजगडाच्या फोटोत असले तर बिघडत नाही, घरच्या अंगणातल्या फोटोत असले तर तुमचा पत्ता जाहीर होतो. ते पुसणारं साधन वापरा; पण काही साधनं फोटोच्या दिशेची नोंदही पुसतात आणि उभा फोटो आडवा पडतो. चढवण्याआधी एकदा नजर टाका.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर लेखाची लिंक टाकली की टक्के चिन्हांची लांबलचक माळ येते, चित्रही दिसत नाही.

लिंकमधला देवनागरीचा प्रत्येक घटक टक्के चिन्ह, रोमन अक्षरं आणि अंक मिळून नऊ चिन्हांत लिहिला जातो. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा घटक, म्हणजे नव्वद चिन्हं. वर्डप्रेस लिंकमधल्या शीर्षकाच्या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं, त्यामुळे लांब शीर्षक बाविसाव्या घटकाशी तुटतं. शीर्षक मराठीच ठेवा. लिंकचा तुकडा मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा लिहा. जुन्या लेखांच्या लिंक बदलल्यात तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा ३०१ रीडायरेक्ट लावायला विसरू नका.

चित्रासाठी पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या न दिसणाऱ्या वरच्या भागात, लिंकसोबत कोणतं चित्र दाखवायचं ते सांगणारा ओजी-इमेज टॅग हवा. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, तीनशे केबीच्या आतलं आणि पत्ता एचटीटीपीएसपासून पुढे पूर्ण लिहिलेला. दुरुस्तीनंतरही जुनंच रूप दिसत राहिलं तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि व्ही=२ जोडून पाठवून पाहा, म्हणजे ती नवी लिंक समजली जाते.

प्रश्न: मी तबला शिकवतो. भाच्याने साइट करून दिली, तो आता परदेशी आहे. पहिल्या पानावर काय बदलू?

मोबाइलवर पहिल्या पडद्यात चार गोष्टी मावल्या पाहिजेत: तुम्ही कोण, वर्ग कुठे, कोणत्या वारी किती वाजता, आणि दाबताच लागणारा फोन नंबर. सरकणारी चित्रं, 'आपले स्वागत आहे' आणि आपोआप वाजणारा तीनताल काढून टाका. बसमध्ये बसलेल्या पालकाने साइट उघडली तर तो आवाज बंद करायला पानच बंद करतो.

पण त्याआधी डोमेन, म्हणजे साइटचा नोंदवलेला पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते पाहा. तुमचा प्रश्न खरा इथे आहे. खातं भाच्याच्या ईमेलवर असेल तर नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जातात. त्याच्याकडून डोमेन अनलॉक करून ट्रान्सफर कोड मागून घ्या आणि ते स्वतःच्या खात्यात आणा. डॉटकॉम डोमेन नुकतंच नोंदवलं किंवा हलवलं असेल तर सहसा साठ दिवस ते दुसरीकडे नेता येत नाही. मुदत संपून सवलतीचे दिवसही उलटले तर ते सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. तेव्हा आधी भाच्याला मेसेज करून मुदतीची तारीख विचारा, पहिलं पान नंतर बदला.