कळलावीची स्लाइड

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो काल रात्री आले आणि मी ताट बाजूला सारून तेच बघत बसले. कळलावीच्या अर्कात ठेवलेल्या कांद्याच्या मुळाच्या टोकातली एक पेशी, आणि तिच्यात गुणसूत्रं अशी पसरलेली, जशा ओंजळीतल्या शेंगा फरशीवर सांडाव्यात. मी फोटो मोठा करून मोजली. चौदा नीट दिसली. दोन कुणाच्या तरी खाली दबली असणार, कारण कांद्याची सोळा असतात. ॲसिटोकार्मिनचा रंग छान चढलाय, पेशी एका थरात बसल्यात, कव्हरस्लिपवर अंगठ्याचा दाब हवा तेवढाच पडलाय. हात तयार झालाय तुझा.

फोटोखाली तू लिहिलंस, ‘मॅडम, कळलावीचा अर्क कॅन्सरवर चालणार!’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

कळलावी आपल्याकडे पावसाळ्यात फुलते. पन्हाळ्याच्या वाटेवर झुडपांच्या आधाराने चढते, पानांची टोकंच तणाव्यासारखी वळलेली, फुलाच्या लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर उठलेल्या. माझी आजी तिला अंगणात लावू द्यायची नाही, घरात भांडणं लागतात म्हणायची. भांडणांचं मला माहीत नाही, पण कंद जीवघेणा विषारी आहे हे खरं. तेव्हा अर्क काढताना हातमोजे घाल, आणि प्रयोगाची भांडी घरच्या भांड्यांजवळ येऊ देऊ नकोस. आणखी एक, रानातला कंद खणला की ते झाड गेलं. एका कंदात तुझं काम भागेल.

तर, या कंदात कोल्चिसीन असतं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारी जी तर्कू असते, ती सूक्ष्मनलिकांची बनलेली असते, आणि त्या नलिका ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या. अल्फा आणि बीटा अशा जोड्या, एकेक जोडी ८ नॅनोमीटर लांब, एकापुढे एक लागून धागा होतो आणि साधारण तेरा धागे शेजारी-शेजारी जुळले की २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. ही नळी कधी स्वस्थ बसत नाही. वाढता वाढता एकदम उसवते, पुन्हा वाढू लागते. मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ साली हे दाखवलं. कोल्चिसीन ट्यूब्युलिनला चिकटतं आणि मग नळीला पुढची जोडी नीट लागत नाही. उसवणं चालू राहतं, विणणं थांबतं. तर्कू नाहीशी होते आणि ओढणारं कुणी नसल्यामुळे गुणसूत्रं जागच्या जागी पसरून राहतात. तुझ्या फोटोत आहे ते हेच.

आता गंमत बघ. ट्यूब्युलिन सापडलंच मुळी कोल्चिसीनमुळे. बोरिसी आणि टेलर यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी कोल्चिसीन वापरून ते पेशीत नेमकं कशाला चिकटतं याचा माग काढला, आणि त्या मागाच्या शेवटी हे प्रथिन होतं. विषाला वाटाड्या करून प्रथिनापर्यंत पोचायची ही रीत मला आजही फार आवडते. पण त्याचा अर्थ असाही होतो की कळलावीचा अर्क तर्कू मोडतो, हे तुझ्या स्लाइडने नव्याने सांगितलेलं नाही. अर्कात कोल्चिसीन उतरलं आहे, एवढं तिने सांगितलं असावं. ‘असावं’ का म्हणते, ते पुढे येतंच.

कॅन्सरचं आधी संपवते. वनस्पतींचं ट्यूब्युलिन कोल्चिसीनला फार सैल धरतं. कांद्याच्या मुळाला ०.०५ टक्के द्रावण लागतं. हिशोब कर: कोल्चिसीनचा रेणुभार ३९९, म्हणजे हे झालं साधारण १.२५ मिलिमोलर. माणसाच्या पेशींतल्या नळ्या मोडायला एक मायक्रोमोलर, म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भागही पुरतो. हजारपटीचा फरक. म्हणून कांद्यावरून माणसाच्या पेशीबद्दल मात्रेचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय तर्कू मोडणारी प्रत्येक गोष्ट औषध होत नाही. दारातल्या सदाफुलीतली व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन हीसुद्धा ट्यूब्युलिनलाच धरतात आणि कॅन्सरवर खरोखर वापरली जातात. कोल्चिसीन मात्र मुख्यतः गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर, तेही जपून देतात, कारण त्याच्या गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा फार जवळजवळ आहेत.

आता माझी गोष्ट सांगते. ती मी वर्गात कधी सांगितली नाही.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी परगावी एका प्रयोगशाळेत होते. एक संयुग पेशींना देऊन सूक्ष्मनलिकांचं काय होतं ते बघत होते. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी संयुग न देता ठेवलेल्या पेशींत हिरव्या धाग्यांचं दाट जाळं, आणि संयुग दिलेल्या पेशींत नुसता धुरकट हिरवा उजेड, धागा एकही नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. चार महिने मी हवेत होते. पोस्टर झालं, लोकांनी शाबासकी दिली. मग एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या एका सीनियर ताईने सहज विचारलं, ‘कंट्रोलच्या प्लेटाही बर्फावर ठेवतेस ना?’

ठेवत नव्हते. संयुग खराब होऊ नये म्हणून त्या प्लेटा फिक्स करायची, म्हणजे पेशी रसायनाने आहेत तशा थिजवायची पाळी येईपर्यंत मी बर्फावर ठेवायचे. कंट्रोल इन्क्युबेटरमधून थेट यायचा. दुसऱ्या दिवशी संयुग न दिलेली एक प्लेट अर्धा तास बर्फावर ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली तोच धुरकट उजेड. मग संयुग दिलेली प्लेट ३७ अंशांवरच ठेवून फिक्स केली, तर जाळं जसंच्या तसं. चार महिने मी बर्फाचा परिणाम मोजत होते.

तुला गुऱ्हाळ माहीत आहे. पाक निवला की गूळ धरतो. ट्यूब्युलिनचं बरोबर उलटं आहे: उबेला जुळतं, बर्फावर सुटतं. मी हे वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या हातातली बर्फाची पेटी आणि पुस्तकातलं ते वाक्य यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही. आणि तीनदा तेच आलं याचं मला फार बळ वाटत होतं. चूक तीनदा केली की उत्तरही तीनदा तेच येतं, बाळ.

आमच्या मामांच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते, तीस वर्षं तेच काम. तरी प्रत्येक काहिलीला पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून बघायचेच. मी विचारलं तर म्हणाले, ‘ऊस रोज येगळा असतोय.’ कंट्रोल म्हणजे काय हे मला त्या गोळीने जितकं शिकवलं तितकं पुस्तकांनी नाही.

आता तुझ्या कांद्याकडे येऊ. अर्क तू अल्कोहोलमध्ये काढलास. मग तेवढंच अल्कोहोल, अर्काशिवाय, पाण्यात घालून त्यातही मुळं ठेवलीस का? अर्काचा सामू बघितलास का? नुसत्या आंबटपणानेही मुळं आखडतात. शुद्ध कोल्चिसीनमध्ये एक संच ठेव, म्हणजे अर्काचं चित्र त्याच्याशी किती जुळतं ते कळेल. सगळे संच एकाच वेळी कापून फिक्स करायला ॲसिटिक अल्कोहोलमध्ये टाक, कारण पेशीविभाजनाचं प्रमाण दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतं. एकेका संचाला एकच कांदा घेऊ नकोस, कांद्या-कांद्यात फरक असतो.

आणि हे नक्की कर: अर्कातली काही मुळं न कापता धुऊन साध्या पाण्यात परत ठेव, दोन दिवस बघ. पेशी नुसत्या मरत असतील तर काही होणार नाही. ट्यूब्युलिनच अडलं असेल तर कोल्चिसीन सुटल्यावर तर्कू पुन्हा उभी राहील, आणि काही पेशींत सोळाच्या जागी बत्तीस गुणसूत्रं दिसतील, कारण मधल्या वेळात ती दुप्पट झाली पण वाटली गेली नाहीत. या गुणाचा उपयोग १९३७ पासून दुप्पट गुणसूत्रांची रोपं बनवायला होतोय. तुझ्या मुळात एक जरी बत्तीसची पेशी सापडली, तर ‘असावं’ हा शब्द मी आनंदाने मागे घेईन.

गाइडना काय सांगू, असंही तू विचारलंस. जे बघितलंस तेवढंच सांग: अमुक तास अर्कात ठेवलेल्या मुळांत तर्कू दिसली नाही, गुणसूत्रं पसरलेली होती. पाण्यातल्या मुळांचा आकडा त्याच्या शेजारीच लिही. प्रबंधाला अजून वेळ आहे, घाई करू नकोस.

वाइसेनबर्ग या शास्त्रज्ञाचं काम वाचून ये. १९७२ पर्यंत परीक्षानळीत ट्यूब्युलिनच्या नळ्या जुळवणं कुणाला साधत नव्हतं. त्याने बफरमधलं, म्हणजे प्रथिन ज्या द्रावणात ठेवतात त्यातलं कॅल्शियम बांधून टाकलं, द्रावणाला ऊब दिली, आणि नळ्या जुळल्या. इतकी वर्षं अडवणारी गोष्ट बफरमध्ये होती. आपण प्रथिनाचा विचार करत राहतो आणि ते ज्या पाण्यात आहे त्याच्याकडे लक्षच देत नाही.

रविवारी दुपारी घरी ये. सगळ्या स्लाइड आण, पाण्यातल्याही, बिघडलेल्याही. येण्याआधी मैत्रिणीकडून त्यांच्यावरची नावं कागदाने झाकून घे आणि नुसते आकडे घाल. कुठला आकडा कशाचा ते तिच्याकडेच राहू दे, तुलाही कळायला नको. माझा सूक्ष्मदर्शक पुसून ठेवते. दोघी मिळून प्रत्येक स्लाइडवर हजार पेशी मोजू, आणि मगच त्या मैत्रिणीला फोन करू.

तुझी,
मॅडम